तीनदा झाडलेली खोली

फेब्रुवारीत कडुलिंब झडायला लागतो. एका रात्रीत अंगणभर बारीक पिवळी पानं पडतात आणि सकाळी त्यांच्यावर दव असलं की ती खराट्याला दाद देत नाहीत, मातीला चिकटून बसतात. त्या गावातल्या प्राथमिक शाळेत मी पावणेदहाला पोचले तेव्हा एक मुलगी त्या पानांशी झगडत होती. चौथीतली असावी. दोन वेण्या, लाल रिबिनी, दप्तर पाठीवर तसंच. खराटा तिच्या खांद्याएवढा उंच होता, त्यामुळे ती तो मधोमध धरून, कमरेत वाकून झाडत होती. बाकीची मुलं फाटकाजवळ खेळत होती. आमच्या अध्यापक विद्यालयाचे चार छात्राध्यापक त्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला होते, त्यांचे पाठ बघायला मी आले होते. हातात निरीक्षणाची वही होती, आणि मनात असं काहीतरी की, वा, परिपाठाच्या आधी अंगण स्वच्छ होतंय, चांगली शाळा आहे.

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक माणूस आला. तिचे वडील. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी तिच्या हातातून खराटा काढून घेतला, भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि गुरुजींसमोर येऊन उभे राहिले. "गुरुजी, माझ्या आज्यानं ह्या गावच्या गल्ल्या झाडल्या. आईनं बी झाडल्या. हिला मी झाडायला शाळंत घातली न्हाई." गुरुजी म्हणाले, "अहो, सगळीच मुलं झाडतात. पाळी असते." "पाळी असंल तर तक्ता दावा की. गेल्या आठवड्यात तीनदा हिचाच नंबर लागला." तक्ता नव्हता. गुरुजी वाईट माणूस नाहीत, हे मी पाच-सहा भेटींवरून सांगू शकते. शाळेला शिपाई नाही, दोन शिक्षकांवर चार वर्ग, आणि जी मुलगी सांगितलेलं ऐकते तिलाच सांगितलं जातं. पण सांगितलेलं ऐकायची सवय कुठल्या घरातल्या पोरीला असते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. खरं तर मलाही पडला नव्हता. मग तिचे वडील माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा. तुमी मास्तर घडवताय म्हणं."

मी म्हणाले, "बघते मी."

घंटा झाली, मुलं रांगेत उभी राहिली, प्रार्थना सुरू झाली. वडील फाटकाबाहेर जाऊन थांबले, प्रार्थना संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले आणि मग गेले. मी चारही पाठ पाहिले, शेरे लिहिले, एस.टी.नं परत आले. "बघते मी" हे दोन शब्द मात्र घशात माशाचा काटा अडकावा तसे राहिले. कारण आदल्याच गुरुवारी, ह्याच चार मुलांसमोर, मी बुकर टी. वॉशिंग्टन ह्या अमेरिकेतल्या काळ्या शिक्षकाची झाडूची गोष्ट सांगितली होती. बावीस वर्षं सांगत आले आहे. दर वर्षी नवी तुकडी आली की पहिल्या-दुसऱ्या महिन्यात ती गोष्ट होतेच, आणि दर वर्षी वर्गात शांतता पसरते.

कार्व्हर हा अमेरिकेतला काळा शेतीशास्त्रज्ञ आपल्याकडे घरोघरी पोचला. भुईमूग, रंग, भंगारातून जमवलेली प्रयोगशाळा, हे आपल्या शाळकरी पोरांनासुद्धा ठाऊक असतं. १८९६ मध्ये त्याला टस्कीगीच्या कॉलेजात बोलावून घेणारा प्राचार्य बुकर मात्र आपल्या लेखी कार्व्हरच्या गोष्टीतलं एक पात्र होऊन राहिला. माझा जीव त्या प्राचार्यावर. कारण टस्कीगी मुळात शेतीची शाळा नव्हतीच, ते शिक्षक घडवायचं कॉलेज होतं. त्या काळात त्याला नॉर्मल स्कूल म्हणत. म्हणजे आमचंच घराणं. आमच्या विद्यालयाच्या गळक्या व्हरांड्यात उभी राहून मी कितीदा तरी मनातल्या मनात त्या माणसाला 'सर' म्हटलं आहे.

झाडूची गोष्ट अशी. १८७२ साल. सोळा-एक वर्षांचा मुलगा पाचशे मैलांची वाट तुडवत व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत पोचतो. गुलाम म्हणून जन्मलेला. खिशात पन्नास सेंट. वाटेत रिचमंडला पैसे संपले तेव्हा रस्त्याकडेच्या लाकडी पादचारी फळ्यांखाली रात्री झोपला आणि दिवसा जहाजातलं कच्चं लोखंड उतरवून पोट भरलं. अंघोळ नाही, कपडे मळलेले. मुख्य अध्यापिका मेरी मॅकी त्याच्याकडे बघतात आणि नाहीही म्हणत नाहीत, होही म्हणत नाहीत. त्याच्यादेखत दुसऱ्या मुलांना प्रवेश मिळत राहतो. काही तासांनी त्या म्हणतात, शेजारची वर्गाची खोली झाडायची आहे, केरसुणी घे. मुलगा ती खोली तीनदा झाडतो. मग फडकं घेऊन चारदा पुसतो. बाकं, टेबलं, भिंतीच्या कडेची लाकडी पट्टी, कपाटं हलवून त्यांच्या मागचं. बाई येतात. कोपरे बघतात. खिशातला रुमाल काढून टेबलावर, भिंतीच्या लाकडावर घासून बघतात. रुमालाला धूळ लागत नाही. "तुला घ्यायला हरकत नाही," अशा अर्थाचं काहीतरी त्या शांतपणे म्हणतात. त्यानं पुढे लिहून ठेवलं की त्यानंतर परीक्षा बऱ्याच दिल्या, पण सगळ्यात चांगली पास झालेली परीक्षा हीच.

इथे मी वर्गात थांबायची. मुलांचे चेहरे बघायची. मग म्हणायची, "अशी खोली झाडता येते तो शिक्षक होतो."

ही गोष्ट माझ्या मनाला इतकी का भिडली असेल, त्याचं कारण आमच्या घरात आहे. आई पहाटे उठून अंगण झाडायची, सडा घालायची, आणि सातव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आलं. शिंदीच्या नव्या केरसुणीचा तो कोरडा, गवतासारखा वास मला अजून येतो. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लावून पाटावर ठेवायची, पाय लागला तर नमस्कार करायचा. घरात केरसुणी लक्ष्मी होती. ती वळून आणणाऱ्या मावशी मात्र आमच्या ओसरीच्या खाली उभ्या राहत, आणि आई पैसे त्यांच्या हातावर वरून टाकायची. हे दोन्ही मी एकाच वयात बघितलं आणि दोन्हींत काही विसंगत आहे असं मला वाटलं नाही. शाळेतही आम्ही मुली झाडायचो, मुलगे बाकं उचलायचे. शाळेमागची ती दुर्गंधीची जागा कोण झाडायचं, हे आठवायचा प्रयत्न मी गेल्या काही आठवड्यांत केला. दोन नावं आठवली. ती इथे लिहिणार नाही. दोघीही एकाच आळीतल्या होत्या. आमच्या बाई त्या दोघींचं नाव घ्यायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसायचा, सवय असायची.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, आपली पावलं आपणच पुसत जावी लागत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं. आपण सगळ्यांनी ते वाचलंय. त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरायचे, आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. एकच वस्तू. एकाच्या कमरेला बांधलेली, एकानं आपण होऊन हातात घेतलेली. बुकरची गोष्ट मी नेहमी गाडगेबाबांच्या बाजूनं सांगितली. त्या सकाळी ती दुसऱ्या बाजूनं माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

म्हणून मी बुकरचं चरित्र पुन्हा उघडलं, आणि आधी भराभर ओलांडलेल्या जागी थांबत गेले. त्याचा जन्म १८५६ मधला, व्हर्जिनियातल्या हेल्स फोर्डजवळच्या एका मळ्यावर. आई जेन मळ्याची स्वयंपाकीण. मातीच्या जमिनीची खोपटी, तीच मळ्याची चूल, आणि जमिनीत मधोमध रताळी साठवायचा खड्डा. मालक वारला तेव्हा, १८६१ मध्ये, त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत हा पाच वर्षांचा पोरगा आहे, नावापुढे किंमत आहे : ४०० डॉलर. अंगावरचा एकमेव सदरा जवसाच्या धाग्याचा, नवा असताना अंगभर काटे टोचावेत असा. थोरला भाऊ जॉन आधी काही दिवस तो सदरा स्वतः घालून मऊ करून द्यायचा. ही एक ओळ मी कितीदा वाचली असेल. स्वतःच्या पाठीवर काटे झेलून धाकट्याचा सदरा मऊ करणं. शिक्षकाचं काम काय असतं, हे शिकवायला मला ह्याहून चांगलं काही सापडलेलं नाही, पण हे मी वर्गात कधी सांगितलंच नाही. झाडूच सांगत राहिले.

शाळेच्या दारापर्यंत तो लहानपणीच पोचला होता. मालकाच्या मुलीची पुस्तकं उचलून, दारापर्यंतच. आतली मुलं वाचताना दिसायची. १८६५ मध्ये सुटका झाल्यावर सगळे वेस्ट व्हर्जिनियात माल्डनला गेले. तिथे मिठाच्या भट्टीवर काम, मग कोळशाची खाण. भट्टीवर सावत्र बापाच्या पिंपांवर १८ हा आकडा टाकत, तो त्याला ओळखता आलेला पहिला आकडा. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण तिनं कुठून तरी निळ्या पुठ्ठ्याचं मुळाक्षरांचं पुस्तक मिळवून आणलं. शाळा नऊला, काम नऊपर्यंत, आणि शाळा लांब. म्हणून हा रोज सकाळी भट्टीच्या कचेरीतलं घड्याळ साडेआठचं नऊवर ढकलायचा. शंभरभर माणसं त्या घड्याळावर चालायची. पुढे साहेबानं घड्याळाला पेटी लावून कुलूप घातलं. शाळेत हजेरी घेताना सगळ्यांना दोन-दोन नावं आहेत असं कळल्यावर ह्यानं जागच्या जागी स्वतःला 'वॉशिंग्टन' जोडून घेतलं. हॅम्प्टनला पलंगावर आयुष्यात पहिल्यांदा दोन चादरी दिसल्या. पहिल्या रात्री दोन्हींच्या खाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर. तिसऱ्या दिवशी इतर मुलांकडे बघून उमगलं. आमच्या वसतिगृहात पहिल्यांदा आलेली आदिवासी पाड्यावरची मुलगी जेवणाच्या टेबलाशी बिचकून उभी राहते तेव्हा मला ह्या चादरी आठवतात.

आणि मेरी मॅकी. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मी नेहमी गाळत आले, महत्त्वाची वाटली नाही म्हणून. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत त्यांनी बुकरला पत्र लिहिलं की शाळा उघडायच्या दोन आठवडे आधी ये, इमारती साफ करायच्या आहेत. तो गेला. दोन आठवडे त्या बाई त्याच्या शेजारी उभ्या राहून खिडक्यांच्या काचा पुसत होत्या, खोल्या झाडत होत्या, पलंग लावत होत्या. उत्तरेकडच्या जुन्या, प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातली बाई. त्यानं लिहिलंय की असं काम करण्यात ह्या बाईंना एवढा आनंद का वाटतो, हे त्याला तेव्हा समजेना. रुमालाची परीक्षा बाईंनी घेतली हे मी बावीस वर्षं सांगितलं. काचा पुसल्या हे सांगितलं नाही.

१८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी गावानं हॅम्प्टनच्या शाळेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग ह्यांना पत्र पाठवलं : काळ्या शिक्षकांसाठी शाळा काढायची आहे, प्रमुख सुचवा. त्यांच्या मनात गोरा माणूस होता. पत्रामागे दोघं होते, एक पूर्वीचा गुलाम, लुईस अ‍ॅडम्स, पत्र्याचं आणि चामड्याचं काम करणारा, आणि दुसरा पूर्वीचा गुलाममालक, जॉर्ज कॅम्बेल. जनरलनं पंचवीस वर्षांच्या बुकरचं नाव कळवलं. एका रविवारी संध्याकाळी प्रार्थना चालू असताना तार आली : चालेल, लगेच पाठवा. तो गेला तर तिथे शाळाच नव्हती. सरकारनं वर्षाला २००० डॉलर मंजूर केले होते, तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला. जमीन नाही, इमारत नाही, बाकं नाहीत. ४ जुलै १८८१ ला चर्चशेजारच्या एका पडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. पाऊस आला की एक मोठा विद्यार्थी आपला धडा सोडून उठायचा आणि सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. ते विद्यार्थी बहुतेक आधीच खेड्यापाड्यांत शिकवणारे मास्तर होते, काही तर चाळिशीच्या आसपासचे. मोठमोठ्या नावांची पुस्तकं वाचलेले. व्याकरणाचे लांब नियम पाठ, पण रोजच्या जगण्यात त्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही. शाळा उघडण्याआधी हा महिनाभर खेड्यांतून हिंडला, लोकांच्या झोपड्यांत राहिला, जेवला. एका घरी जेवायला पाच माणसं आणि काटा एकच, पण कोपऱ्यात हप्त्यावर घेतलेलं साठ डॉलरचं ऑर्गन. एका पडक्या खोलीत, आवारात तण माजलेलं, अंगावर तेलकट कपडे, आणि एक तरुण फ्रेंच व्याकरण वाचत बसलेला. तिथून त्याच्या मनात पक्कं झालं की ह्यांचे शिक्षक पुस्तकाइतकेच हातानंही शिकलेले हवेत.

हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून उसने दिलेले २५० डॉलर भरून त्यानं १०० एकरांचा ओसाड मळा घेतला, एकूण किंमत ५००. कोंबड्यांचं खुराडं साफ करून वर्ग केला. मग म्हणाला, रान तोडायचं, पेरायला जमीन मोकळी करायची. मास्तर लोक कुरकुरले. शिक्षण आणि कुऱ्हाड ह्यांचा संबंध काय? तेव्हा त्यानं स्वतः कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि रानात गेला, आणि रोज दुपारी जात राहिला, वीसेक एकर मोकळे होईपर्यंत. मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती. गुडघाभर चिखलात उभं राहून माती तुडवायची, ह्या कामाला पोरं सगळ्यात जास्त कंटाळायची. पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी पेटून शेवटाला आली आणि मध्यरात्री कोसळली. हातात पैसा उरला नाही. त्यानं माँटगोमरीला जाऊन आपलं घड्याळ गहाण टाकलं, १५ डॉलर आणले, आणि चौथी भट्टी लावली. ती लागली. घड्याळ कधी सोडवता आलं नाही. मला त्या घड्याळाचं फार वाटतं. माल्डनच्या भट्टीवरचे काटे पुढे ढकलून ज्यानं शाळा गाठली, त्यानं शाळेसाठी स्वतःचं घड्याळ विटांत घातलं.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध त्यानं आत्मचरित्रात एक परिच्छेद लिहिलाय. तो वाचून वर्गात आम्ही दर वर्षी थोडं हसायचो. पालकांचा विरोध. पोरं शाळेत येताना घरून चिठ्ठ्या आणायची : माझ्या मुलाला काम लावू नका, पुस्तकं शिकवा. पुस्तकं जितकी जाड, नावं जितकी लांब, तितके आईबाप खूष. बुकर सांगतो की आपण ह्या विरोधाकडे फारसं लक्ष दिलं नाही, उलट गावोगाव हिंडून पालकांना समजावलं. मीही छात्राध्यापकांना समजावायची, बघा, अडाणी पालकांना श्रमाचं मोल कळत नसतं, शिक्षकानं खंबीर राहावं. ह्या वेळी त्या परिच्छेदावर आले आणि मला मोटरसायकल दिसली. भिंतीला नीट टेकवलेला खराटा दिसला. ज्या आईबापांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, ज्यांच्या पाठीवर वळ होते, त्यांनी लेकराच्या दप्तराला चिठ्ठी लावली होती की आता पुरे. ह्यात अडाणीपणा कुठे होता? मी बावीस तुकड्यांसमोर त्या माणसांना हसले.

पुढे त्यानं ह्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय. राबणं वेगळं आणि राबवलं जाणं वेगळं, असं तो म्हणतो. राबवलं जाण्यात अवहेलना आहे, राबण्यात माणसाची वाढ आहे. मला हे पटतं, अजूनही पटतं. पण त्या सकाळी अंगणात वाकलेल्या पोरीकडे बघून कोणी सांगावं ती ह्यातलं काय करत होती? मी फाटकातून आत आले तेव्हा मला राबणं दिसलं. तिच्या बापाला राबवलं जाणं. तक्ता असता तर कदाचित तिसऱ्या माणसालाही सांगता आलं असतं.

त्याच सुमाराला आपल्याकडे जोतीराव फुले इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर निवेदन देत होते. ऑक्टोबर १८८२, टस्कीगी सुरू होऊन सव्वा वर्ष. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचं काही कारण नाही, पण जोतीरावांचं लक्ष त्या देशाकडे होतं, 'गुलामगिरी' त्यांनी १८७३ मध्ये गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच अर्पण केली होती. निवेदनात प्राथमिक शिक्षकांचे तुटपुंजे पगार आहेत, त्यात ट्रेनिंग झालेले किती थोडे ते आहे, आणि मग कसे शिक्षक हवेत ते आहे. शेतकरी वर्गातून घडवलेले. वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्यांना लाज वाटणार नाही आणि जे खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळतील. हे वाक्य आमच्या विद्यालयाच्या भिंतीवर असायला हवं असं मला कितीदा वाटलंय. जोतीरावांनी नांगराची मूठ मास्तरांच्या हातात दिली आहे. पोरांसाठी त्यांनी वाचन, लेखन, हिशोब ह्यांच्यासोबत शेतीची प्राथमिक माहिती मागितली.

बुकरवर माझं प्रेम असलं तरी १८९५ च्या अटलांटातल्या भाषणाशी मी दर वेळी अडखळते. १८ सप्टेंबर. समोर गोऱ्या-काळ्यांची गर्दी. सामाजिक बाबतींत आपण बोटांसारखे वेगळे राहू, प्रगतीच्या कामात एका हातासारखे एक होऊ, असं म्हणून त्यानं हात वर केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रातोरात तो देशाचा लाडका झाला. आधी कसब, आधी कष्ट, आधी घर आणि जमीन, हक्क मागून येतील, हा त्याचा हिशोब. गोऱ्यांनी त्यातला पहिला भाग घेतला. १९०१ मध्ये अलाबामाची नवी घटना आली आणि काळ्यांचं मतदान जवळजवळ पुसून टाकलं गेलं. त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या घरी जेवायला बसला तर दक्षिणेतली वर्तमानपत्रं पेटून उठली. विटा चालत होत्या, ताटावर शेजारी बसणं चालत नव्हतं. १९०३ मध्ये ड्यू बॉईस ह्या काळ्या विचारवंतानं त्याला जाब विचारला : मत, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण, तिन्ही सोडून द्यायला तुम्ही सांगता. तुमच्या टस्कीगीत शिकवायला जे शिक्षक लागतात ते तरी कॉलेजांतूनच येतात ना? हा शेवटचा मुद्दा एखाद्या शिक्षकाच्या कॉलेजातल्या माणसाला आतपर्यंत लागतो. माझ्याकडे त्यावर बुकरच्या वतीनं उत्तर नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेत पत्र लिहिलं ते ड्यू बॉईसना, हे मला अगदी साहजिक वाटतं.

तरी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी कागदपत्रांतून बाहेर आली. जाहीरपणे सबुरी सांगणारा हा माणूस आतून, नाव कळू न देता, सांकेतिक पत्रव्यवहार करून, मताधिकाराच्या खटल्यांना पैसे पुरवत होता. अलाबामातल्या जॅक्सन जाइल्सचा १९०३ चा खटला त्यातलाच. जाइल्स तो हरला. दिवसा विटा आणि रात्री वकील. हे वाचल्यापासून मला बुकरचा फोटो बघवत नाही. आपण जे उघड शिकवतो त्यावर आपला पुरता विश्वास उरलेला नाही, हे त्याला कधी कळलं असेल? कळल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गासमोर उभं कसं राहिला असेल?

नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कला तो कोसळला. डॉक्टरांनी थोडेच दिवस दिले. त्यानं हट्ट धरला, घरी न्या, दक्षिणेत जन्मलो तिथेच मरायचं. गाडीनं हजार मैलांवर टस्कीगीला पोचवलं, मध्यरात्रीच्या सुमाराला, आणि १४ तारखेच्या पहाटे तो गेला. एकोणसाठ वर्षांचा. एका खोपटापासून शंभरावर इमारती झाल्या होत्या, दीड हजार विद्यार्थी. कॉलेजच्या आवारात त्याला पुरलं, विद्यार्थ्यांनी घडवलेल्या विटांच्या कबरीत. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, चोवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर शिकत होते.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात गेले आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली. ह्या वेळी पूर्ण. सदरा, खिडक्यांच्या काचा, दप्तराच्या चिठ्ठ्या. त्या चौघांतली एक मुलगी, तिथे त्या सकाळी हजर असलेली, उठून म्हणाली, "मॅडम, त्याला आत घेतलं नसतं तरी त्यानं खोली तेवढीच झाडली असती ना? मग परीक्षा कोणाची होती?" मला उत्तर आलं नाही. मी तसं सांगितलं. वर्गात शांतता होती, पण नेहमीची नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेले, पहिल्या एस.टी.नं. शाळा उघडायला अजून तासभर होता. अंगण पानांनी भरलं होतं, खराटा भिंतीशी तिथेच. पिशवी पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि झाडायला लागले. बऱ्याच वर्षांनी अंगण झाडत होते. दव असलेली पानं खरोखर दाद देत नाहीत, एका जागी चार-चारदा ओढावं लागतं, आणि धूळ उडत नाही पण ओल्या मातीचा वास नाकात बसतो. गुरुजी आले, गोंधळले, "मॅडम, राहू द्या, राहू द्या," म्हणाले. मी म्हटलं, दुसरा खराटा आहे का? आत जाऊन त्यांनी आणला. आम्ही दोघं दोन बाजूंनी निघालो. मुलं जमायला लागली आणि फाटकाशी थबकली. वडिलांच्या मोटरसायकलवरून ती उतरली. वडिलांनी गाडी बंद केली नाही, एक पाय जमिनीला टेकून नुसते बघत राहिले. काही बोलले नाहीत. ती दप्तर सावरत पायऱ्यांपर्यंत आली, सगळ्यात वरच्या पायरीवर चढून उभी राहिली आणि आम्ही झाडलेलं अंगण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं सावकाश बघून घेतलं. मग हात लांब करून पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं.

"बाई, त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय."